रुंजीची तीट

नट शर्विल राजाध्यक्ष घरी येणार म्हणून निनादने पाळणा दोनदा हलवला. आधी खिडकीपाशी नेला, तिथे उजेड छान म्हणून. मग परत भिंतीला लावला, कारण खिडकीतून खालची गर्दी दिसत होती.

"पडदाही ओढ," शलाका म्हणाली.

"अगं, अकराव्या मजल्यावर कोण डोकावतंय?"

"सकाळी ड्रोन आला होता. मी रुंजीचं दुपटं बदलत होते."

निनाद हसला, पण पडदा ओढला.

फाटकाबाहेर गेले काही आठवडे लोक जमत होते. कुणाच्या हातात फलक, कुणाच्या अंगात रुंजीचा फोटो छापलेला शर्ट. गोबरे गाल, आणि डाव्या गालावर काळी तीट. 'बाळाने खुनी ओळखला' ही ओळ पहिल्यांदा कुठल्या वाहिनीने चालवली कुणास ठाऊक, पण आता ती रिक्षांच्या मागेही रंगवलेली दिसे. सात महिन्यांची रुंजी, जी अजून बसवली की लवंडायची, ती राज्यातली सगळ्यात प्रसिद्ध साक्षीदार झाली होती. तिच्या वतीने कोर्टात उभं राहायचं होतं तिच्या आईला, येत्या सोमवारी.

उत्तर एकाच प्रश्नाचं द्यायचं होतं. सरकारी वकील पाटणकरांनी तसं समजावलं होतं. "कडं लाल झालं होतं का, एवढंच विचारीन. हो म्हणा आणि घरी जा. बाकी आम्ही बघतो." त्या एका 'हो'वर मिंगेल सिद्दी नावाचा माणूस फासावर जाऊ शकत होता.

शलाकाने रुंजीच्या गालावरची तीट बोटाने नीट दाबली. ती खरोखरची तीट नव्हतीच. आपल्या आया काजळाची लावायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. ही मसुराच्या दाण्याएवढी, तशीच काळी, पण आत एक डोळा आणि एक कान असलेली. तिचा जोडीदार शलाकाच्या मनगटावर होता, कडं. कडं तिची नाडी मोजायचं, कातडीवरचा घाम हुंगायचं.

त्यामागचं शास्त्र तिला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार आवडलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेल्या बाईला आवडावं असंच ते होतं. तान्ह्या बाळाला धोका कळत नाही. अनोळखी माणूस समोर आला की बाळ आधी आईच्या तोंडाकडे बघतं. आई निवांत असेल तर तेही निवांत, आई दचकली तर त्याने भोकाड पसरलंच. बाणेरच्या एका कंपनीने यंत्राला नेमकं हेच करायला शिकवलं. आईची नाडी उसळली की त्या क्षणी समोर कोण आहे ते तीट टिपून घ्यायची आणि आईच्या फोनवर प्रश्न यायचा. भीती, आनंद की दगदग? आईने एका शब्दावर बोट टेकवायचं. काही आठवडे असं झालं की प्रश्न थांबायचे. यंत्र आपलं आपण ओळखू लागायचं. माणूस बरा असेल तर कडं हिरवं, वाईट असेल तर लाल, आणि मनगटावर कंप. शिवाय लाखभर आयांची उत्तरं रोज एकमेकींत मिसळली जायची, म्हणजे एकीला जे कळलं ते सगळ्यांना कळावं. हिरवे प्रसंग यंत्र दिवसभरात पुसून टाकायचं. लाल तेवढे जपायचं.

शलाकाच्या सोसायटीत झाडून सगळ्या लहान मुलांना तीट होती. घरोघरी पहारा असताना जिन्यातल्या कॅमेऱ्यांवर खर्च कशाला, असं म्हणून कमिटीने कॅमेरे काढूनच टाकले होते. आणि मग एका बुधवारी संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर शर्विलची बायको ऊर्जिता, नाचणारी ऊर्जिता, जिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, ती तिच्याच दिवाणखान्यात डोक्यात घाव बसून मेलेली सापडली. फरशी फिनेलने पुसून काढलेली होती. शर्विल त्या वेळी मुळशीला शूटिंगच्या फार्महाउसवर होता. दहा मित्रांनी तसं सांगितलं. त्या संध्याकाळी त्या घरात जाऊन आलेला दुसरा माणूस एकच होता, गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला दर बुधवारी येणारा फिजिओथेरपिस्ट मिंगेल. आणि तो बाहेर पडत असताना लिफ्टच्या दाराशी शलाकाचं कडं लालभडक झालं होतं.

कंपनीच्या तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की तीट चेहऱ्याच्या स्नायूंवरून, चालीवरून माणसाचा हेतू वाचते. आईचं मन चुकत नाही, आणि इथे तर लाखभर आयांचं मन आहे.

बेल वाजली.

*

शर्विल राजाध्यक्ष पडद्यावर दिसायचा त्याहून बारीक होता. पांढरा सदरा, दाढी वाढलेली, सोबत एकच कॅमेरावाला. निनादच्या आईने औक्षणाचं ताट करून पाठवलं होतं, ते निनादने शेवटच्या क्षणी लपवलं. माणसाची बायको गेलीये हे त्याला उशिरा सुचलं.

"वहिनी, मी फक्त हिला बघायला आलोय," शर्विल म्हणाला आणि पाळण्यासमोर गुडघ्यांवर बसला. "माझ्या ऊर्जिताला हिने न्याय दिला. एवढीशी पोर." त्याचा आवाज भरून आला. कॅमेरावाल्याने रुमालाने डोळे टिपले. निनादनेही.

शलाकाचं कडं हिरवं होतं.

शर्विलने रुंजीला उचलून घेतलं. घेताना त्याचा पंजा तिच्या मांडीवर आला. हा पंजा या मांडीवर शलाकाने आधी पाहिला होता.

"हिची-माझी जुनी ओळख आहे बरं का," शर्विल कॅमेऱ्याकडे बघून हसला. "आपण भेटलो होतो ना वहिनी, लिफ्टमध्ये? त्याच आठवड्यात. सोमवारी."

"हो," शलाका म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं.

"सोमवारीच. मला आठवतंय, कारण मंगळवारी मी मुळशीला गेलो." मग त्याने बाळ परत देताना, कॅमेऱ्याकडे पाठ असताना, अगदी मायेने म्हटलं, "जपा हिला. गर्दी आज डोक्यावर घेते. उद्याचं काही सांगता येत नाही."

तो गेला. अत्तराचा वास मागे राहिला. निनाद दार लावून म्हणाला, "किती साधा माणूस गं! नाहीतर आपल्या तिसऱ्या मजल्यावरचे नगरसेवक."

शलाका खुर्चीत बसली होती. तिच्या कानात रक्त धपधपत होतं, तळव्यांना घाम फुटला होता, रुंजीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोर चुळबुळ करत होती. फोन वाजला. पडद्यावर पिवळी फुलं उधळली गेली आणि खाली अक्षरं आली.

'आनंदाचा क्षण! जपून ठेवायचा का?'

*

लिफ्टमधली ती भेट तिने कुणालाच सांगितली नव्हती. पोलिसांनी विचारलं ते लाल प्रसंगांबद्दल. हिरव्याबद्दल कोण विचारतो? तिला भेट आठवत होती, वार आठवत नव्हता. त्या बुधवारी शर्विल मुळशीत होता असं जग म्हणत होतं, म्हणजे ती भेट त्याआधीची असणार. बाळंतपणानंतर बाईचं डोकं जागेवर नसतं असं सासूबाई म्हणायच्याच.

पण आता तो पंजा आठवला. लिफ्ट वरून आली होती, आत शर्विल एकटाच. केस ओले, सदरा पुढून भिजलेला. त्याने सवयीने "काय म्हणते आमची फॅन?" म्हणत रुंजीच्या मांडीला हात लावला आणि रुंजी किंचाळली. "नाही हो," शलाका ओशाळून म्हणाली होती, "लस दिलीये ना, गाठ आलीये मांडीत." त्याची बोटं गार होती. आणि त्याच्या अंगाला अत्तराऐवजी फिनेलचा वास येत होता. एवढ्या मोठ्या माणसालाही घरात फरशी पुसायला लागते तर, असं मनात येऊन तिला तेव्हा हसूही आलं होतं. मग छातीत धडधड झाली ती का झाली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. कडं हिरवं होतं.

लस रुंजीला सोमवारी दिली होती, चिंचवडला, शलाकाच्या आईकडे. ताप आला म्हणून मंगळवारही तिथेच काढला. घरी आली ती बुधवारी दुपारी.

भेट सोमवारी होऊच शकत नव्हती. ती बुधवारची होती हे त्यालाही माहीत असणार, म्हणून तर तो खोटा वार सांगायला घरापर्यंत आला.

"निनाद," ती म्हणाली. "बस जरा."

त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "कडं हिरवं होतं म्हणतेस ना?"

"कड्याला मीच शिकवलंय. आपण इथे राहायला आलो त्या आठवड्यात तो लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटला, माझी नाडी उसळली, फोनने विचारलं आणि मी 'आनंद' दाबलं. एवढा मोठा नट समोर, काय दाबणार? तेव्हापासून त्याला बघून माझं काहीही झालं तरी यंत्र फुलं उधळतं. आत्ता बघ." तिने फोन पुढे केला.

"आणि त्या मिंगेलचं काय? त्याला बघून लाल होतं ते?"

शलाकाने फोन उलटा करून ठेवला. तेही तिला आठवत होतं, आणि ते आठवणं जास्त कठीण होतं.

मिंगेल हल्याळकडचा, शेजारच्या राज्यातला. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांच्या वंशातला. घरात कोकणी, बाहेर मराठी. वॉचमन त्याच्याशी हट्टाने इंग्रजीत बोलायचा, "यू साइन हिअर," आणि तो म्हणायचा, "कुठं करू सही, मामा?" एकदा कुणीतरी विचारलं, कुठल्या देशातून आलात, तर हसून म्हणाला, "आम्हाला येऊन चारशे वर्षं झाली. लोक अजून विमानाचं नाव विचारतात."

पहिल्यांदा तो लिफ्टमध्ये होता तेव्हा वीज गेली. मिट्ट काळोख, लिफ्ट मधेच लटकलेली, छातीशी तीन महिन्यांची रुंजी. "ताई, घाबरू नका हं, आत्ता येतंय लाईट," असं त्याने म्हटलं आणि मोबाईलचा उजेड स्वतःवर न पाडता तिच्या पायाशी पाडला. जिभेने टॉक् टॉक् असा आवाज करत राहिला, आणि रुंजी आयुष्यात पहिल्यांदा खळखळून हसली ती तेव्हा. पण वीज आली, दार उघडलं, फोनने विचारलं. भीती, आनंद की दगदग? आणि शलाकाने 'भीती'वर बोट ठेवलं.

अंधाराची भीती होती, हे ती आजवर स्वतःला सांगत आली होती. अर्धी होतीही. उरलेली अर्धी कशाची होती ते तिला आता, या खुर्चीत बसून, स्वच्छ कळत होतं.

"यंत्राने अंधार नाही टिपला, निनाद. माणूस टिपला. पुढच्या बुधवारी तो दिसला तर कडं थरथरलं. थरथरलं म्हणून मी दचकले. मी दचकले म्हणून यंत्राला वाटलं, बरोबर ओळखलं आपण. दर बुधवारी हेच. मी त्याला घाबरते म्हणून ते लाल, आणि ते लाल म्हणून मी घाबरते."

"तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा लिफ्टमध्ये. तूच सांगितलं होतंस. चोरट्यासारखा."

"हो. मीच सांगितलं होतं." पोलिसांनी ते लिहूनही घेतलं होतं.

निनाद उठून पडद्यापाशी गेला, फटीतून खाली बघितलं. "शलाका, हे बघ. तू म्हणतेस ते खरं असेलही. पण तुझ्याकडे पुरावा काय? फिनेलचा वास? खाली किती लोक आहेत दिसतंय ना? त्यांच्या हातात आज रुंजीचा फोटो आहे. उद्या तू शर्विलचं नाव घेतलंस तर याच लोकांच्या हातात काय असेल?"

"माहितीये."

"मग एक 'हो' म्हण आणि ये ना घरी! पाया पडतो तुझ्या. रुंजीसाठी."

रुंजीसाठीच तर सगळं केलं होतं. यंत्र घेतलं तेही, 'भीती'वर बोट ठेवलं तेही.

दुसऱ्या दिवशी निनाद ऑफिसला गेल्यावर तिने मिंगेलच्या वकील मुजावर बाईंना फोन लावला. आदल्या आठवड्यात त्या दारात आल्या होत्या तेव्हा शलाकाने साखळीसुद्धा काढली नव्हती.

"एकच विचारते," मुजावर म्हणाल्या. "कंपनी म्हणते हिरवं पुसलं जातं. तुमची नाडी? ती पण पुसली जाते?"

शलाकाने कडं कानाशी धरल्यासारखं मनगट वर केलं. बाळंतपणानंतरच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी नाडीची नोंद ठेवायला सांगितली होती. रंग पुसले जात होते, नाडी पुसली जात नव्हती. तीन महिन्यांची नाडी कड्यातच साठून राहायची, आणि त्या बुधवारला अजून तीन महिने झाले नव्हते.

*

कोर्टाचं कामकाज थेट दाखवलं जात होतं. खोली लहान होती, माणसं फार. आरोपीच्या पिंजऱ्यात मिंगेल उभा होता, खूप वाळलेला. शर्विल पहिल्या रांगेत. निनाद मागच्या बाकावर बसला होता. सकाळपासून तो शलाकाशी एक शब्द बोलला नव्हता, पण आला होता.

रुंजी शलाकाच्या कडेवर. सरकारी वकिलांना ती साक्षीच्या वेळी तिथे हवीच होती, तीट लावून.

"कडं लाल झालं होतं का?" पाटणकरांनी विचारलं.

"हो."

"धन्यवाद." ते बसले. खोलीने श्वास सोडला.

मुजावर बाई उठल्या. "शलाकाताई, त्याच संध्याकाळी तुम्ही आणखी कुणाला भेटलात?"

तिच्या मनगटावरचं कडं हिरवंगार होतं. पहिल्या रांगेत शर्विल डोकं किंचित कलवून, चित्रपटात बघायचा तसं प्रेमाने बघत होता. रुंजीचे बारीक केस शलाकाच्या हनुवटीला लागत होते, आणि बाहेरून गर्दीचा आवाज येत होता, वाफेवर ठेवलेल्या भांड्यासारखा.

तिने सांगितलं. सोमवारची लस, मांडीतली गाठ, बुधवारची दुपार. ओले केस. फिनेल. मग मनगट पुढे केलं. "त्या संध्याकाळी माझ्या नाडीने दोनदा उसळी घेतलीये. एकदा मिंगेल दिसले तेव्हा, लहान. दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये, शर्विल भेटले तेव्हा, तिच्या दुप्पट. कड्यात आहे, बघून घ्या. यंत्राने तिला आनंद म्हटलं. मी तसं शिकवलं होतं."

खोलीत गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "किती घेतलेस गं?" न्यायाधीश बाईंनी मेजावर हात आपटला. शर्विल जागचा हलला नाही. फक्त हसू तेवढं चेहऱ्यावर विसरल्यासारखं राहिलं.

पाटणकर पुन्हा उभे राहिले. रागाने त्यांच्या गालांवर डाग उमटले होते. "म्हणजे यंत्र खोटं! ठीक. मग यंत्र बाजूला ठेवू. काढा ती तीट. काढा कडं. बघू दे बाळाला नुसत्या डोळ्यांनी. तान्ह्या पोराला तर कुणी पैसे दिलेले नाहीत ना?"

न्यायाधीश बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मुजावर बाई हरकत घ्यायला उठल्या, पण शलाकाने आधीच ओल्या रुमालाने रुंजीचा गाल पुसला होता. तीट निघाली. खाली गालावर फिकट गोल डाग राहिला होता. कडं तिने काढून कठड्यावर ठेवलं. मनगट एकदम उघडं पडलं.

तिला खात्री होती. हीच रुंजी त्या अंधारात खळखळून हसली होती.

रुंजीने पिंजऱ्यातल्या मिंगेलकडे टक लावून बघितलं. मग मान वळवून आईच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. आणि खालचा ओठ बाहेर काढून ती इतक्या जोराने रडू लागली की मागच्या रांगेतल्या बायका "आई गं" म्हणाल्या.

"बघा," पाटणकर म्हणाले. हळूच म्हणाले, त्यांना आता आवाज चढवायची गरज नव्हती.

शलाका थिजली. तीट काढून टाकली होती, आणि तरी ती होती तिथेच होती, पोरीच्या आत. एवढ्यात पिंजऱ्यात हालचाल झाली. रुंजी रडायला लागताक्षणी मिंगेलने पाठ फिरवली होती. तो मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे आवळून, होता होईल तितका लहान होऊन.

"आरोपी," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "कोर्टाकडे पाठ का?"

"माफ करा बाई." तो वळला नाही. "माझं तोंड दिसलं की ताईंचं कडं थरथरायचं. त्या दचकायच्या, मग बाळ रडायचं. म्हणून लिफ्टमध्ये मी भिंतीकडं बघायचो. सवय झालीये. बाळाला गप्प करा आधी, मग वळतो."

शलाकाने रुंजीला खांद्यावर घेऊन थोपटलं.

"बाई," शलाका म्हणाली. "ती त्यांच्याकडे बघून नाही रडली. माझ्याकडे बघून रडली. हे तिला मी शिकवलंय. यंत्रालाही मीच शिकवलंय. तुमच्या समोर पुरावा म्हणून जे ठेवलंय ना, ती माझी भीती आहे. त्यात त्यांचा काही गुन्हा नाही."

पाटणकर खाली बसले. न्यायाधीश बाईंनी कठड्यावरचं कडं मागवून घेतलं. मग त्यांनी ते पाकिटात घालून सील करायला सांगितलं, तिघा तज्ज्ञांकडून नाडीची तपासणी मागवली, आणि मुळशीच्या दहा मित्रांना एकेकटं पुन्हा बोलवायला सांगितलं.

त्यातला तिसराच मित्र फुटला. मिंगेलला जामीन मिळाला, शर्विलला अटक झाली. खटला पुढे चालू राहिला.

तुरुंगाच्या दारातून मिंगेल बाहेर आला ते शलाकाने टीव्हीवर पाहिलं. कुणीतरी माईक पुढे करून इंग्रजीत विचारलं, आता देशात परत जाणार का? तो म्हणाला, "हो. हल्याळची शेवटची गाडी किती वाजता आहे?"

*

फाटकाबाहेरची गर्दी पांगली नाही. फक्त शर्ट बदलले. आता त्यांच्यावर शर्विल होता.

निनाद चार दिवस धुमसला आणि मग एका सकाळी चहा देताना म्हणाला, "बरोबर केलंस. मला जमलं नसतं." कंपनीचा माणूस नवं कडं आणि नवी तीट घेऊन आला होता, फुकट, शलाकाने दार उघडलं नाही. रुंजीच्या गालावरचा फिकट डाग हळूहळू मावळला. घरात कुणी नसताना शलाका जिभेने टॉक् टॉक् करायची. रुंजी लक्ष देऊन ऐकायची. हसायची नाही अजून.

अटकेनंतरच्या आठवड्यात रुंजीची पुढची लस होती. बराच काळ घरात कोंडून घेतल्यावर शलाका पहिल्यांदाच तिला घेऊन बाहेर पडली. लिफ्ट आली. नवव्या मजल्यावर थांबली आणि देवयानी आत आली, कडेवर तिचा कबीर. दोघी एकाच महिन्यात बाळंत झालेल्या. कबीरच्या अंगावरचं झबलंसुद्धा रुंजीचंच होतं.

"अगं, किती दिवसांनी!" शलाका म्हणाली.

देवयानी हसणार होती. ओठ हललेही. तेवढ्यात तिच्या मनगटावर घर्रर्र झालं आणि कडं लालभडक झालं.

दोघींनी त्या कड्याकडे बघितलं.

"काहीतरी बिघडलंय गं त्याचं," देवयानी पटकन म्हणाली. "मी नाही काही... मी तर तुझी बाजूच..."

"माहितीये."

शलाकाला खरंच माहीत होतं, शास्त्र शिकलेल्या बाईला कळतं तसं. त्या दिवशी कोर्ट घराघरांत दिसत होतं. मनगटावर कडी घालून हजारो आया बघत होत्या, लाडक्या नटावर एक बाई शिंतोडे उडवत होती, आणि त्यांच्या नाड्या उसळत होत्या. प्रत्येकीच्या फोनने विचारलं असणार. प्रत्येकीने तिच्या चेहऱ्याकडे बघत एका शब्दावर बोट ठेवलं असणार. मग ती उत्तरं नेहमीसारखी एकमेकींत मिसळली गेली.

कडं थांबत नव्हतं. देवयानीने कबीरचं डोकं छातीशी घेतलं आणि कोपऱ्यात सरकली. तिची इच्छा नव्हती. पाय आपोआप सरकले. कबीरने आईच्या तोंडाकडे बघितलं. मग शलाकाकडे. त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला.

अजून सात मजले होते. शलाकाने रुंजीला खांद्यावर वर घेतलं, जिभेने अगदी हळू टॉक् टॉक् केलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.